तुळसाबाईच्या कमरेचे प्रवक्ते

तुळसाबाईची कमर दुखायला लागली ती एका लग्नात, चुलीवरचा तापलेला माठ उतरवताना. पण ती आजारी पडली ती घरी आल्यावर. या दोन घटनांच्या मधे तिचे यजमान भैय्याजी उभे होते.

तुळसाबाई लांब पोळ्या करते. म्हणजे गव्हाचं सैल पीठ परातीत आपटून आपटून असं करायचं, की ते हातावरून कोपरापर्यंत ओघळलं पाहिजे पण तुटता कामा नये. मग दोन्ही हातांवर झुलवत त्याचा रुमाल करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या माठावर तो अंथरून द्यायचा. इंदोरा वस्तीत आणि आसपासच्या वस्त्यांत ज्या लग्नाला तुळसाबाईचा माठ असतो त्या लग्नातली माणसं लवकर उठत नाहीत. तिची पोळी हातात धरली की पलीकडे बसलेला पाहुणा दिसतो, आणि तो आपल्यापेक्षा जास्त जेवतो आहे हेही दिसतं.

भैय्याजी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. बसस्थानकावर माइकसमोर बसून कोणती गाडी सुटणार आणि कोणती सुटणार नाही हे जनतेला सांगण्यात त्यांची हयात गेली. त्या कामात 'थोडीशी', 'जराशी' असले शब्द चालत नाहीत. रामटेक गाडी जराशी रद्द आहे, असं सांगून भागत नाही. त्यामुळे डॉक्टर जेव्हा कमरेचा फोटो उजेडात धरून म्हणाले, "वयाप्रमाणे थोडी झीज आहे, एका जागी गादी जराशी फुगली आहे, घाबरण्यासारखं काही नाही, हळूहळू कामाला लागा," तेव्हा भैय्याजींनी घरी येऊन फाटकात उभं राहून शेजाऱ्यांना जे सांगितलं ते असं होतं:

"मणका घासला. गादी सरकली. कमर गेली."

तिन्ही वाक्यं खणखणीत, शेवटच्या फलाटापर्यंत पोचतील अशी. आत पलंगावर पडलेल्या तुळसाबाईपर्यंतही ती पोचली. डॉक्टरांचं तिनं ऐकलं होतं, नाही असं नाही. पण डॉक्टर पुटपुटले होते.

मग माणसं बघायला येऊ लागली. आजाऱ्याला बघायला आपल्याकडे कोणी रिकाम्या हातानं जात नाही. केळी नेतात आणि एक उदाहरण नेतात. केळी दोन दिवसांत काळी पडतात, फेकता येतात. उदाहरण घरात राहून जातं.

शेजारचे गोपाळराव केळी आणायला विसरले, पण उदाहरण विसरले नाहीत.

"माया साडभाऊ नाई काय, रामटेकचा," खुर्ची पलंगाजवळ ओढत ते म्हणाले, "असाच वाकला होता. काही उचललं नाई, धरलं नाई. चप्पल घालाले वाकला. झोपला तो झोपलाच."

"बाप्पा! म्हणजे गेले काय?" तुळसाबाईनं विचारलं.

"जाईन कायले? आहे ना. झोपून आहे. कालच फोन आला होता, पाणी नाई आलं म्हणून सांगून राहिला होता."

"हिचंही तसंच आहे," भैय्याजी अभिमानानं म्हणाले. बायकोच्या कमरेची तुलना थेट रामटेकच्या माणसाशी झाल्याचं त्यांना कौतुक वाटलं असावं. "एक झटका बसला की पायातली ताकद जाते. मंग काही नाई."

"मंग काही नाई," गोपाळरावांनी मान डोलावली आणि चहा घेतला.

असं करत करत महिना गेला. दुखणं पहिल्या आठवड्यात जेवढं होतं त्याच्या निम्मंही राहिलं नव्हतं, पण तुळसाबाई पहिल्या आठवड्यापेक्षा कितीतरी जास्त आजारी झाली होती. कमरेला पट्टा. पट्ट्यावर शाल. बसायचं तर खुर्चीवर, तेही बसण्याआधी खुर्ची दोनदा हलवून बघायची. शिंक आली तर भिंत धरायची. जमिनीवर काही पडलं तर ते तिथंच राहायचं. घरातल्या फरशीवर त्या काळात एक कंगवा, दोन चमचे आणि टीव्हीचा रिमोट सुखानं नांदत होते. भैय्याजी वाकत नव्हते, कारण त्यांना सवय नव्हती. आणि मुलगी पिंकी सकाळी कुरिअर कंपनीच्या हापिसात जायची ती संध्याकाळीच यायची.

पिंकीचं लग्न वैशाखात होतं. मुलगा सावनेरचा. आणि खरी अडचण तिथं होती.

तुळसाबाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींच्या लग्नात पोळ्या टाकल्या. तेव्हाच तिनं ठरवलं होतं, की आपल्या पोरीच्या लग्नात पहिल्या पोळ्या आपल्या हातच्या असतील. नवरीची माय चुलीपाशी बसते काय, असं नातेवाइकांनी विचारून पाहिलं होतं. "मंग कुठी बसते? स्टेजवर? तिथी काय पोळ्या टाकाव?" असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी तो विषय सोडला होता. माठही तिनं दिवाळीतच निवडून, वाजवून, भाजून तयार ठेवला होता.

आणि एका दुपारी तिला कळलं, की भैय्याजींनी पोळ्यांचं काम प्रेमिलाला सांगून टाकलं आहे. प्रेमिला म्हणजे तिच्याच हाताखाली शिकलेली, तिच्याच शेजारी बसून माठ तापवणारी.

"मले न विचारता?" तुळसाबाई म्हणाली.

"अवं, विचारायचं काय त्याच्यात? तुयी कमर गेली. आता तू नवी साडी नेसून खुर्चीवर बस. शोभशीन."

 तिनं भिंतीकडे तोंड केलं. तेसुद्धा सावकाश, आधी खांदे, मग पट्टा, मग बाकीची तुळसाबाई.

ते पिंकीनं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ती आपल्या मैत्रिणीला घेऊन आली. मेघा. फिजिओथेरपीचं शिकून एका दवाखान्यात काम करणारी, केस वर बांधलेली, बोलताना हसणारी आणि हसताना नेमकं बोलणारी पोरगी.

"काय होते काकू?" तिनं पलंगावरच बसत विचारलं.

"चार नंबरचा मणका आहे," भैय्याजींनी सुरुवात केली, "तो पाच नंबरवर..."

"काका, कमर कोणाची आहे?"

"तिची."

"मंग तिले बोलू द्या ना."

 चालू घोषणेत माइक बंद पडावा तसं भैय्याजींना झालं.

तुळसाबाई म्हणाली, "माया मणका घासला वं. गादी सरकून गेली. आता जरा झटका बसला की पाय जाते."

"हे तुम्हाले कमरेनं सांगतलं?"

"नाई. गोपाळरावनं."

"अच्छा. आणि कमर काय म्हणते?"

हा प्रश्न तुळसाबाईला महिनाभरात कोणी विचारला नव्हता. ती विचारात पडली. "कमर... सकाळी धरते. मंग सुटते. बसून बसून दुखते. चाललं की बरं वाटते. पण चालत नाई मी."

"काहून?"

"पाय गेला तर?"

मेघानं तिचे पाय पाहिले, उचलून पाहिले, ढकलून पाहिले, तुळसाबाईलाही ढकलायला लावलं. तुळसाबाईनं ढकललं तशी मेघा पलंगावरून खाली येता येता राहिली. माठ उतरवणाऱ्या बाईचा पाय तो.

"पाय कुठंच जाऊन नाई राहिला," मेघा पदर खोचल्यासारखी ओढणी नीट करत म्हणाली. "आणि काकू, मणक्यातली गादी म्हणजे ही पलंगावरची गादी नाई. ही सरकते. ती दोन्हीकडून घट्ट चिकटून असते. थोडी फुगते, थोडी सुकते. वयानं डोक्याचे केस पांढरे होते, तसं आतही होते. केस पांढरे झाले म्हणून डोकं गेलं म्हणतो काय आपण?"

तुळसाबाईनं भैय्याजींच्या पांढऱ्या डोक्याकडे बघितलं, पण मुलीच्या मैत्रिणीसमोर नको म्हणून गप्प राहिली.

"दुखीन," मेघा पुढे म्हणाली. "वाकताना दुखीन, उठताना दुखीन. पण दुखलं म्हणजे मोडलं असं नाई. रोज थोडं वाका, थोडं चाला. आणि काका, घरात ते 'गेली', 'घासली', 'सरकली' बंद करा. औषध समजून बंद करा. हे ऐकून ऐकून काकूनं अंग आवळून ठेवलं आहे. त्यानंच अर्धं दुखून राहिलं."

भैय्याजी शिस्तीचा माणूस. वरून आदेश आला की त्याची अंमलबजावणी करायची, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी फाटकातच खुर्ची टाकली आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आत सोडण्यापूर्वी सूचना द्यायला सुरुवात केली. कमरेचा विषय काढायचा नाही. कोणाच्याही कमरेचा काढायचा नाही. जिवंत असो की नसो.

दुसऱ्या दिवशी गोपाळराव आले. सूचना ऐकून आत गेले. खुर्चीवर बसले. साडभाऊ अगदी ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला. गालांत हवा भरून बघितलं. वर पंख्याकडे पाहिलं.

"पंखा चांगला आहे," ते म्हणाले.

"हाव," तुळसाबाई म्हणाली.

"हवा येते."

"येते ना."

 मग गोपाळरावांनी, जन्मात प्रथमच, अर्धा चहा ठेवला आणि उठले. जाताना फाटकात त्यांनी भैय्याजींचं मनगट धरून सबंध साडभाऊ त्यांना सांगितला, तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला.

इथवर ठीक होतं. पण ज्या माणसाला 'रद्द' म्हणायची बंदी झाली तो गप्प बसेलच असं नाही. चौथ्या दिवशी कळमेश्वरहून भैय्याजींचे भाऊ धम्मानंद आले, तेव्हा आतल्या पलंगापर्यंत घोषणा आली:

"काहीच झालं नाई तिले! एकदम फिट! सगळं मनाचं होतं, मनाचं!"

आत तुळसाबाई मेघानं सांगितल्याप्रमाणे गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू वाकत होती. ती वाकलेली तशीच थांबली. मग उठली, दारापर्यंत आली. भिंत न धरता आली, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

"मनाचं होतं?" ती म्हणाली. "मंग महिनाभर मी काय सोंग करून राहिली होती? रात रात कूस बदलता येत नव्हती ते काय सिनेमा होता?"

"अवं, मेघानंच तर सांगतलं..."

"मेघानं दुखीन म्हणून सांगतलं! तुमीच दुखत नाई म्हणून सांगून राहिले लोकाईले!"

धम्मानंद चप्पल शोधू लागले. तुळसाबाईनं आत जाऊन सोडून ठेवलेला पट्टा पुन्हा बांधला, त्याच्यावर शाल घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस ती भैय्याजींशी बोलली नाही. वाकलीही नाही. कंगवा आणि चमच्यांच्या संसारात एक वाटी येऊन मिळाली.

मेघा पुन्हा आली. सगळं ऐकलं. मग अंगणात भैय्याजींच्या शेजारी उकिडवी बसली.

"काका, तुमच्या स्टँडवर दोनच प्रकारच्या गाड्या होत्या काय? रद्द आणि वेळेवर?"

"नाई."

"मंग?"

"उशिरा सुटणाऱ्या असायच्या," भैय्याजी म्हणाले. जरा थांबून, प्रामाणिकपणे त्यांनी जोडलं, "त्याच जास्त असायच्या."

"त्याचं काय सांगत होते तुमी लोकाईले?"

 उशिरा सुटणाऱ्या गाडीचं भैय्याजी कधीच काही सांगत नसत. प्रवासी खिडकीशी येऊन ओरडत, आणि ते माइक बंद करून डबा उघडत.

त्याच दिवशी त्यांनी फाटकातली खुर्ची उचलली. रोज संध्याकाळी ते तुळसाबाईबरोबर कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत चालायला जाऊ लागले. तोंड उघडायचं नाही, एवढंच त्यांचं काम. तुळसाबाई मधेच थांबून कमरेवर हात ठेवायची. 'गेली' भैय्याजींच्या तोंडात यायचं आणि परत जायचं. मग ती चालू लागायची. वाईट दिवसही आले. एका सकाळी तिला पलंगावरून उठवेना, आणि भैय्याजींनी त्या दिवशी इतके शब्द गिळले की त्यांना जेवण गेलं नाही. पण दुपारी ती उठली. ती बोलायलाही लागली. आधी "मीठ द्या" एवढंच, मग जरा सविस्तर. फरशीवरचा कंगवा तिनं उचलला, चमचे उचलले. रिमोट मात्र मुद्दाम ठेवला. तो भैय्याजींचा होता.

पोळ्यांचं कोणी बोललं नाही. प्रेमिलाचं काम ठरलेलं ते ठरलेलं. तुळसाबाईनं नवी साडी नेसून बघितली. निळी होती. चांगली दिसत होती. त्याचाच तिला राग आला.

लग्न कामठी रोडवरच्या एका हॉलमध्ये होतं. सकाळी बुद्धवंदना झाली, पिंकीनं आणि नवऱ्या मुलानं एकमेकांना हार घातले, पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे टाळ्या वाजवून जेवणाकडे सरकू लागले. तुळसाबाई पहिल्या रांगेत, गादी घातलेल्या खुर्चीवर होती. जो येईल तो तिच्यासमोर वाकून, आवाज उतरवून विचारत होता, "कशी आहे कमर?" सावनेरची विहीण तर तिचा हात हातात घेऊन बसली होती, जणू तुळसाबाई दुपारच्या गाडीनं कायमची निघणार होती.

मागून लाकडांचा धूर आला. पाठोपाठ पीठ आपटल्याचा आवाज. तुळसाबाईनं मान वळवली. आवाज थांबला, पुन्हा आला, पुन्हा थांबला.

ती उठली आणि हॉलच्या मागे गेली.

प्रेमिला माठासमोर घामानं निथळत होती. ज्या बाईनं शिकवलं तिच्याच पोरीच्या लग्नात, तिनंच निवडलेल्या माठावर, तिच्याऐवजी पोळ्या टाकायच्या, याचं तिला आधीच दडपण आलं होतं. हातावरची पोळी लांब होता होता मधेच फाटली. दुसरी जाड झाली. ताटात पडलेल्या पोळीतून पलीकडचा पाहुणाच काय, पलीकडचा उजेडही दिसत नव्हता.

"पीठ कोरडं राहिलं वं," तुळसाबाई म्हणाली. "पाणी मार. अजून मार."

"मावशी! तुमी कायले आल्या? कमर!"

मदतीच्या बायकांनीही हात थांबवले. "मावशी, कमर!" "अवं, खुर्ची आणा कोणी!" खुर्ची आली. तिच्यामागे माणसंही आली. गोपाळराव, धम्मानंद, विहीण आणि सगळ्यांच्या मागून भैय्याजी.

तुळसाबाईनं पदर खोचला होता. बादलीत हात भिजवले होते. परातीकडे एक पाऊल टाकलं होतं. आणि तिथंच तिचा पाय अडला. इतक्या माणसांनी एकाच वेळी "कमर" म्हटलं की कमर कोणाचीही जागी होते. तिला पहिल्या दिवसाची ती कळ आठवली, कूस न बदललेल्या रात्री आठवल्या. भिजलेले हात तसेच हवेत ठेवून ती उभी राहिली. बोटांवरून पाणी गळत होतं.

तिनं भैय्याजींकडे बघितलं.

"तुमी काय म्हणता?" तिनं विचारलं.

एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं हा प्रश्न त्यांना विचारल्याचं कोणाला आठवत नव्हतं. सगळी माणसं भैय्याजींकडे वळली. गोपाळरावांनी तर ऐकायला सोयीचं म्हणून मान तिरपी केली. भैय्याजींच्या तोंडाशी गर्दी झाली होती. नको, बस, झटका बसीन, पायात ताकद, पोरीचं लग्न आहे, लोक काय म्हणतीन. पलीकडच्या बाजूला, काही होत नाई, तू फिट आहे, हेही उभं होतं. त्यांनी घाम पुसला. बायकोचा चेहरा बघितला. तिला 'नको' ऐकायचं होतं की 'हो', हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारून घ्यावंसं वाटलं, पण विचारायला वेळ नव्हता.

"मले भूक लागली," भैय्याजी म्हणाले.

 तुळसाबाईनं पाट पायानं पुढे सरकवला आणि एक हात प्रेमिलाच्या खांद्यावर टेकून खाली बसली. बसताना तोंड वाकडं झालं. कोणी काही म्हणालं नाही.

तिनं पीठ आपटलं नाही. ते प्रेमिलाकडूनच आपटून घेतलं, आणि आपटताना तिला भरपूर बोलली. "माशी हाकलून राहिली काय? जोरानं! नवऱ्यावर राग नाई काय तुया? तो काढ!" प्रेमिलाला कितीतरी दिवसांनी मावशीकडून शिवी मिळाली आणि तिचे हात मोकळे झाले. मग तुळसाबाईनं गोळा उचलला. तो मनगटावरून निघाला, कोपराकडे ओघळला, परत फिरला, लांबला, पसरला आणि माठावर जाऊन पडला.

पहिली पोळी पिंकीच्या ताटात गेली. दुसरी जावयाच्या. तिसरी विहिणीनं कोणाला न विचारता घेतली. भैय्याजींना सहावी की सातवी मिळाली. त्यांनी ती बेसनाच्या पाटोडीच्या रश्शात बुडवली आणि उभ्यानंच खाल्ली.

थोड्या वेळानं तुळसाबाईनं कमरेवर हात ठेवला. "आता तू टाक," ती प्रेमिलाला म्हणाली. "मले जरा चालायचं आहे."

ती उठली. उठायला तिला वेळ लागला. मग पीठ लागलेल्या हातांनी, निळ्या साडीचा खोचलेला पदर तसाच ठेवून ती जेवणाऱ्या लोकांमधून हॉलला एक चक्कर मारून आली. वाटेत गोपाळरावांनी पोळी चावता चावता हात वर केला.

"काय तुळसाबाई, कशी काय कमर?"

"दुखून राहिली," तुळसाबाई म्हणाली. "अजून एक पोळी घेता काय? की झालं तुमचं?"

"घेतो ना."

"मंग या ताट घेऊन. तिथी गरम मिळीन."

ती मागे आली. प्रेमिला सरकली. तुळसाबाई खांद्याचा आधार घेऊन पुन्हा पाटावर टेकली, आणि तोंड पुन्हा वाकडं झालं. पाणी देणाऱ्या बाईनं ते पाहिलं.

"दुखते काय मावशी?"

"दुखते ना," तुळसाबाई म्हणाली. "पीठ दे."